तारकचेरीतली नागडी भिंत

"भिंत नागडी केली की ती लाजत नाही, झडते."

हे वाक्य टकटक एकदाच बोलला आणि ऐकायला समोर एकच माणूस होतं, त्याची भाची. तिच्या काखेत नकाशांची गुंडाळी, एका हातात फोन, दुसऱ्यात कागदी पेल्यातली निवलेली कॉफी. तिने ते ऐकलं, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "मामा, साइटवर असलं घाण बोलू नकोस ना."

टकटक हा गिलाव्याचा मिस्त्री. त्याचं खरं नाव मतदारयादीत आणि बायकोच्या रागात तेवढं शिल्लक होतं. बाकी सगळ्यांना तो टकटक. कुठेही गेला तरी तो आधी भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करी, मान तिरकी करून ऐके आणि मगच घरातल्या माणसांकडे वळे. गिलावा विटेला धरून असला की आवाज भरीव येतो, सुटला असला की रिकाम्या डब्यासारखा. शास्त्र एवढंच. पण ते त्याच्या हातात असं मुरलं होतं, की कुणी वारलं म्हणून भेटायला गेला तरी रडणाऱ्या बायकांच्या डोक्यांवरून हात लांब करून तो भिंत वाजवून घेई. लोकांना वाटे, दुःखाने हात थरथरतोय.

एकदा त्याच्या बायकोच्या पोटात दुखायला लागलं. भाची तिला मामी म्हणते म्हणून आपणही मामीच म्हणू. डॉक्टर तिचं पोट दाबून बघत होते आणि हा मागे उभा राहून दवाखान्याची भिंत वाजवत होता.

"पोकळ आहे," तो म्हणाला.

"अहो, तपासू तर द्या मला," डॉक्टर म्हणाले.

"बाईबद्दल नाही बोलत. तुमची भिंत."

मामी टेबलावर पडल्या पडल्या म्हणाली, "बाईबद्दल बोलायला सवड कुठे आहे त्यांना."

त्याला एकच गर्व होता, पण तो दहा माणसांना पुरेल एवढा होता. चाळीस वर्षांत आपण केलेली एकही भिंत झडली नाही, असं तो सांगे. न विचारता सांगे. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना सांगे, रांगेत पुढच्या माणसाच्या मानेला सांगे. नातेवाइकांकडे जाताना त्याचे पाय जड होत, पण जुन्या भिंतींना भेटायला तो आपणहून जाई. एका शाळेच्या व्हरांड्यात असाच टकटक करत फिरताना रखवालदाराने त्याला तासभर धरून बसवलं होतं. सुटल्यावर रखवालदाराच्या खोलीची भिंत किती भिकार आहे हे त्याने त्याला सांगितलं आणि मग आणखी अर्धा तास बसून राहिला.

काम करताना त्याचं तोंड थांबत नसे. तो भिंतीला शिव्या घाली, चुन्याला घाली, पाण्याला घाली. त्याचा चुना कालवणारा जोडीदार तीस वर्षं त्याच्याबरोबर टिकला, कारण त्याला कमी ऐकू येई. पण एका बाबतीत टकटकचं तोंड आवळलेलं असे. कामाची गोष्ट तो एकदाच सांगे. मालकाने ऐकली तर ठीक, नाही ऐकली तरी दुसऱ्यांदा नाही.

त्यामागे एक इतिहास होता. तरुणपणी एका कंत्राटदाराला त्याने तीनदा सांगितलं होतं, की कुंपणाची भिंत ओळंब्यात नाही, बाहेर झुकतेय. पहिल्यांदा कंत्राटदार हसला. दुसऱ्यांदा चिडला. तिसऱ्यांदा त्याने टकटकला कामावरून काढलं. चार महिन्यांनी भिंत पडली, तेव्हा कंत्राटदार घरी येऊन अंगणात उभा राहून ओरडला, "सारखं पडेल पडेल म्हणून तूच पाडलीस!" आजूबाजूच्या लोकांना ते पटलं. सासऱ्यालाही पटलं. त्या दिवसापासून टकटकने ठरवलं, एकदा सांगणं हे आपलं काम, दुसऱ्यांदा सांगणं ही विनवणी. विनवणी करायला आपण काय मतं मागायला निघालोय?

भाची ही त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. घरं आणि दुकानं आतून कशी सजवायची, याचं तिने रीतसर शिक्षण घेतलं होतं. पण शिकून झाल्यावर एका बड्या कचेरीत तिने तीन वर्षं फक्त संडासांचे नकाशे काढले. हॉटेलांचे संडास, बँकांचे संडास, एका नाट्यगृहाचे संडास. खाली सही साहेबाची. तिने नोकरी सोडली तेव्हा तिची आई म्हणाली, "जमलं तर जमलं. नाही तर परत संडास." हे घरात इतक्यांदा बोललं गेलं, की शेवटी पहिला अर्धा भाग गळून पडला. भाची उशिरा उठली तरी आई दारातून म्हणे, "परत संडास."

आणि मग तिला तारकचेरी मिळाली.

तारकचेरी म्हणजे शहराच्या जुन्या चौकातली दीडशे वर्षांची इमारत. लोक तारा पाठवायचे बंद झाले तेव्हा तिथे आधी कबुतरं आली, मग सरकारी कागद, आणि कागदांनी कबुतरांनाही हाकललं. नंतर कुलूप. आता ती एका टायरवाल्याने भाड्याने घेतली होती. हा गृहस्थ तीस वर्षं टायर विकत आला होता आणि आयुष्यात एकदा तरी काहीतरी गोल नसलेलं करावं, अशी त्याला इच्छा झाली होती. म्हणून तिथे तो रेस्टॉरंट काढत होता.

भाचीने पहिला नकाशा काढला तो मोठ्या कष्टाने. आतला जुना पांढरा चुन्याचा गिलावा तसाच ठेवायचा, फक्त डागडुजी करायची. तार स्वीकारण्याच्या लाकडी खिडक्या तशाच, त्यांच्यामागे स्वयंपाकघर. पांढऱ्या भिंती, काळं टेबल, वरून उजेड. टकटकला तिने तो नकाशा सगळ्यात आधी दाखवला होता. तो "बरंय" म्हणाला होता. दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल त्याच्या तोंडून आजवर निघालेला हा सर्वांत थोर शब्द होता, आणि भाचीला ते माहीत होतं.

टायरवाल्याने नकाशा बघितला आणि म्हणाला, "हे तर दवाखान्यासारखं दिसतंय." मग त्याने खिशातून एक पान काढलं. कुठल्याशा विमानतळावर बसला असताना मासिकातून फाडलेलं. त्यावर लाल विटांची उघडी भिंत, एक पिवळा दिवा आणि एका बशीत एक वाटाणा. "अशी भिंत पाहिजे," तो म्हणाला. "इतकी जुनी बिल्डिंग आणि जुनी दिसतच नाही."

भाचीने तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी दुसरा नकाशा काढला. पहिलं काम होतं तिचं. दारापाशी लावायची पितळी पाटीही तिने करून घेतली होती, वर रेस्टॉरंटचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत 'अंतर्रचना' असं लिहून तिचं स्वतःचं. ती पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून ती पिशवीतून बरोबर घेऊन हिंडे.

पाटी लावणं मात्र सोपं नव्हतं. इमारत जुनी, त्यामुळे वारसा खात्याच्या ताब्यात. खात्याचा नियम असा, की बाहेरच्या भिंतीत एक खिळा मारायचा तर चौदा सह्या. आतून तिचं पोट फाडलं तरी कुणी विचारत नव्हतं. चार स्क्रूंसाठी भाचीने तेरा सह्या गोळा केल्या होत्या. चौदावी खात्याच्या साहेबाची राहिली होती. साहेब म्हणाले, आत काय केलंय ते बघून मग करू.

तर, भिंत उघडी करायची हे ठरल्यावर भाचीने मामाला बोलावलं, आणि तेव्हा तो ते वाक्य बोलला. त्यापुढेही बोलला, कामाची गोष्ट पूर्ण सांगायची ही त्याची पद्धत होती.

"ही वीट आतली आहे," तो म्हणाला. "आतली वीट कच्ची भाजतात. ती दाखवायची नसतेच, मग कशाला लाकडं जाळतील? तिच्या अंगावर गिलावा आहे म्हणून ती वीट आहे. काढलास की माती."

"वरून काहीतरी मारता येईल ना? पारदर्शक पॉलिश?"

"मार. खपल्या धरेल आणि खपल्यांसकट पडेल. उघडी ठेवायचीच असली तर चुन्याची निवळी दे. सहा हात, आणि प्रत्येक हात नीट वाळू द्यायचा. दीड-दोन महिने."

"मामा, पाच आठवड्यांत जेवायला लोक येणार आहेत. आणि निवळी दिली तर पांढरट दिसेल. त्याला लाल हवंय."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. तुझी भिंत."

"तू नाही केलंस तर मला मशीनवाल्याला सांगावं लागेल."

टकटकने भिंतीकडे बघितलं. मशीनवाले त्याला माहीत होते. ते भिंत सोलत नसत, फोडत. "नको," तो म्हणाला. "कपडे काढायचेच तर निदान ओळखीच्या माणसाने काढावेत."

"मामा!"

"आता नाही बोलत."

पुढचे अकरा दिवस तो आणि त्याचा जोडीदार छिन्नी-हातोडी घेऊन त्या लांब भिंतीसमोर उभे राहिले, आणि टकटकच्या आयुष्यात एक विचित्र गोष्ट घडली. गिलावा निघेना. छिन्नी लावावी तर नखाएवढा तुकडा सुटे आणि बाकीचा तसाच चिकटून राही. दीडशे वर्षं झाली होती आणि कुठेही रिकाम्या डब्याचा आवाज नव्हता. पहिल्या दिवशी तो चिडला. दुसऱ्या दिवशी शिव्या देताना त्याचा आवाज उतरला. तिसऱ्या दिवशी वरचा पातळ थर निघून खालचा जाड थर दिसायला लागला आणि तो हातोडी खाली ठेवून बसला.

खालच्या थरावर, तो ओला असताना, रेघा ओढलेल्या होत्या. वरच्या थराला पकड मिळावी म्हणून त्या ओढतात, नंतर त्या कुणाला दिसत नाहीत. उजव्या हाताचा मिस्त्री ओढतो त्या रेघा उजवीकडे चढतात. ह्या सगळ्या डावीकडे चढत होत्या. जमिनीपासून छतापर्यंत, न थकता, सारख्या अंतराने.

"डावरा होता," टकटक म्हणाला. "हरामखोर डावरा होता."

तेव्हापासून त्याला बोलायला माणूस मिळाला. आठ दिवस तो त्या मेलेल्या मिस्त्रीशी भांडत होता. "डावऱ्या, सोड की. किती धरून ठेवशील? तुझा मुकादम मेला, तारा पाठवणारे मेले, तारा घेणारे मेले, सोड आता." दुपारी डबा खाताना तो जोडीदाराला मोठ्याने सांगे, की ह्या माणसाने चुना निदान तीन महिने पाण्यात मुरवला असणार, घाई केलेली नाही, आणि कोपऱ्यातसुद्धा हात आखडलेला नाही, जिथे कोण बघायला जातंय? घरी गेल्यावर मामीला त्याने हेच सांगितलं.

"म्हणजे तुमच्यापेक्षा बरा होता," मामी म्हणाली.

टकटकने बराच वेळ भात चिवडला. "डावरा होता," तो शेवटी म्हणाला, जणू ते उत्तर होतं.

अकराव्या दिवशी भिंत पूर्ण उघडी झाली. झाडून, पुसून, वरून पिवळे दिवे लागले आणि ती खरोखर मासिकातल्यासारखी दिसायला लागली. लाल, ऊबदार, थोडी जखमी. भाचीने फोनवर चाळीस फोटो काढले. मग ती टकटकच्या गळ्यात पडली, त्याच्या चुन्याने माखलेल्या सदऱ्याची पर्वा न करता. टकटकने तिच्या खांद्यावरून हात लांब करून भिंतीवर टकटक केलं. हात मागे घेतला तेव्हा पेरांवर लाल भुकटी होती. ती त्याने विजारीला पुसली.

भाचीने ते बघितलं. बघितलं हे महत्त्वाचं, कारण ती मूर्ख नव्हती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर थांबलं.

"सुरुवातीला पडतंच ना थोडं?" तिने विचारलं. "नंतर थांबतं ना, मामा?"

आता इथे एखादा साधा माणूस असता तर म्हणाला असता, नाही थांबत, पोरी, मी म्हटलं होतं ना? मामा होता तो तिचा. लहानपणी ताप आला की ती आईला सोडून त्याच्या मांडीवर झोपे. पण टकटकने एकदा सांगितलेलं होतं. आणि ज्या नियमाने त्याला चाळीस वर्षं ताठ उभं ठेवलं होतं तो नियम एका पोरीसाठी मोडायला त्याची जीभ उचलेना.

"झाडून घेत जा," तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी, उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात, टायरवाल्याने चाचणीचं जेवण ठेवलं. दुपारी एक वाजता. त्याच्याकडून तो आणि त्याची आई. वारसा खात्याचे साहेब, चौदाव्या सहीसाठी. वर्तमानपत्रात जेवणावर लिहिणारा एक गृहस्थ. आणि भाचीला दोन माणसं आणायला सांगितलं होतं. तिच्या आईला गुडघ्यांमुळे उंच खुर्च्यांवर बसता येत नव्हतं, म्हणून तिने मामा-मामीला बोलावलं.

टकटक पांढरा इस्त्रीचा सदरा घालून आला आणि दारातच अडकला. दार अख्खं काचेचं होतं, मूठ नाही, कडी नाही. त्याने ढकललं. उघडेना. ओढायला काही नव्हतंच. आतून टायरवाला हसत हसत बघत होता.

"बाजूने दाबायचं," भाची काचेपलीकडून खुणा करत होती. "बाजूने!"

"सोपं दार लावलं असतं तर लोक आले असते ना," मामी म्हणाली.

आतमध्ये बावीस माणसं बसतील एवढं काळ्या दगडाचं टेबल होतं, भिंतीच्या अगदी जवळ. तीन पायांच्या खुर्च्या होत्या, त्यांच्यावर बसायचं म्हणजे चौथा पाय आपण व्हायचं. जेवणाचं कार्ड तारेच्या कागदावर छापलेलं होतं, तारेच्याच भाषेत: 'भोपळा. धूर. लोणी. उत्तर कळवा.' स्वच्छतागृहांच्या दारांवर बाई-पुरुषाचं चित्र नव्हतं. एका दारावर तारेच्या लिपीतलं टिंब होतं, दुसऱ्यावर रेघ. साहेब हात धुवायला गेले ते रेघेत शिरले, ओरडा ऐकू आला, आणि ते टिंबात न जाताच परत आले. टायरवाल्याच्या आईने बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, "सगळं छान केलंय बाई, पण आत पुरुष येतात."

भाची हसली. तिने पाटीची पिशवी मांडीवर घेतली होती. साहेबांच्या ताटाशेजारी तेरा सह्यांचा कागद ठेवलेला होता आणि त्यावर त्यांचं पेन, टोपण लावलेलं.

सगळ्या खिडक्या बंद करून गार हवेचं यंत्र चालू केलं होतं. भिंतीच्या वरच्या बाजूला त्याची लांब जाळी होती आणि तिच्यातून कोरडा वारा विटांवरून खाली उतरत होता. टकटकने मान वर करून तिकडे एकदा पाहिलं आणि मग तो आपल्या बशीकडे बघत राहिला. पांढरी बशी, मध्ये केशरी सूप. सुपावर काहीतरी हलकेच येऊन बसत होतं. फार सावकाश, उन्हाच्या तिरिपेतली धूळ उतरते तसं.

जेवणावर लिहिणाऱ्या गृहस्थाने पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"ही वरची लाल भुकटी," तो म्हणाला. "काय आहे ही? हिच्यात मातीची आठवण आहे. आधी काही नाही, आणि मग मागून एक... खोली येते."

टायरवाला खूश झाला. खानसाम्याला बोलावलं. खानसामा आला, बशीत डोकावला, त्या भुकटीशी आपला काही संबंध नाही हे त्याला कळलं असणार, पण कौतुक तर समोर होतं. त्याने हात मागे बांधले. "ते आमचं थोडं गुपित आहे," तो म्हणाला.

"व्वा," साहेब म्हणाले आणि आणखी एक चमचा घेतला.

टायरवाल्याची आई मघापासून तोंडात काहीतरी घोळवत होती. तिने ते जिभेच्या शेंड्यावर आणलं, परत आत घेतलं, आणि म्हणाली, "वीट आहे ही."

"आई, तू सूप पी."

"अरे वीट आहे! पाच वेळा दिवस गेले होते मला. पाचही वेळा चोरून वीट खाल्ली. तुझ्या वेळेला तर अर्धी. मला ओळखू येणार नाही?" ती मामीकडे वळली. "तुम्ही सांगा."

मामीने चाखलं. "वीटच आहे," ती म्हणाली. "कच्ची भाजलेली."

तेवढ्यात, कुणीतरी वरून नेम धरावा तसा, सुपारीएवढा एक तुकडा भिंतीतून सुटला आणि साहेबांच्या बशीत पडला. त्यांच्या सदऱ्यावर भोपळा उडाला. सह्यांच्या कागदावरही एक थेंब गेला, अकराव्या सहीवर.

खानसामा गुपितासकट आत निघून गेला. टायरवाला उठून भिंतीपाशी गेला. त्याने तळहात विटांवरून फिरवला आणि बघितला. मग टेबलाकडे वळला. आवाज चढवला नाही. टायर विकणाऱ्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही, त्याला चाक कुठे फुटलं तेवढं बघायचं असतं.

"मिस्त्री, ही भिंत तुम्ही सोललीत ना?"

टकटकने मान हलवली.

"अशी झडणार हे तुम्हाला माहीत होतं?"

मामीने टेबलाखालून त्याला चिमटा काढला. "बोला की," ती कुजबुजली, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. "एरवी तोंड मिटत नाही. सांगितलं असणार तुम्ही. सांगितलं होतंत ना?"

"मामी, मी त्यांना विचारतोय," टायरवाला म्हणाला. नात्यात नसतानाही तिला आता सगळेच मामी म्हणायला लागले होते. "माहीत नसेल तर चाळीस वर्षं यांनी केलं काय? आणि माहीत असून सांगितलं नसेल तर..." त्याने वाक्य सोडलं आणि भाचीकडे बघितलं. "यांनी तुम्हाला काही सांगितलं होतं का? नीट आठवून सांगा. सांगितलेलं असून तुम्ही केलंत, तर मग ह्या कामाचा मला पुन्हा विचार करावा लागेल."

भाचीने पिशवी घट्ट धरली होती. वर्तमानपत्राचा कागद कुरकुरत होता. तिने आधी साहेबांकडे बघितलं, ते सदऱ्यावरचा भोपळा रुमालाने पसरवत होते. मग मामाकडे. त्या बघण्यात एक विनंती होती, आणि ती गप्प बस म्हणून होती की बोल म्हणून, हे तिचं तिलाही ठाऊक नसावं.

"मला..." ती म्हणाली. "तसं काही सांगितलेलं आठवत नाही."

"हं," टायरवाला म्हणाला.

यंत्र घुमत होतं. टकटकच्या सुपावर आता चांगला लाल थर जमला होता. तो त्याच्याकडे असा बघत होता, जणू तिथे कुणीतरी डावीकडे चढणाऱ्या रेघा ओढून ठेवल्या आहेत. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याला पाठ होतं, चांगलं होतं, त्याचं स्वतःचं होतं. दुसऱ्यांदा बोलायचं होतं, एवढंच. टेबलाभोवती सहा माणसं थांबली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्या बोलण्याची वाट बघत होते.

"म्हणजे यांचंच काम कच्चं," टायरवाला शेवटी म्हणाला. स्वतःशी हिशेब मिटल्यासारखा तो खुर्चीत परत बसला, खुर्ची डगमगली, त्याने टेबल धरलं. "ठीक आहे. ताई, तुमचा तो पहिला नकाशा होता ना, पांढऱ्या भिंतींचा? तो काढा. दवाखाना तर दवाखाना. दवाखान्यात निदान अंगावर वीट पडत नाही. उद्घाटन महिनाभर पुढे ढकलू. फक्त मिस्त्री दुसरा बघा."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने मान खाली घातली आणि पिशवीतली पाटी आडवीची उभी केली.

"मला वाटतं," साहेब म्हणाले, "मूळ गिलावा परत येत असेल तर खात्याची हरकत नसावी. चूक कारागिराची दिसते." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

टकटक उठला. तीन पायांची खुर्ची त्याच्यामागे आडवी झाली, ती त्याने उचलून सरळ केली. मामीने वर बघितलं. "अहो, गोड यायचंय अजून," ती म्हणाली, आणि मग त्याचा चेहरा बघून तिने चमचा खाली ठेवला.

तो टेबलाच्या कडेने, भिंत आणि खुर्च्यांच्या मधल्या अरुंद वाटेने चालत गेला. वाट इतकी अरुंद होती की त्याचा पांढरा सदरा खांद्यापासून कोपरापर्यंत विटांना घासत गेला आणि लाल झाला. हात त्याने खिशात घातले होते. मागे कागदावर सही उमटल्याची कुरकुर झाली. काचेच्या दारापाशी तो थांबला, त्याने बाजूने दाबलं, दार उघडलं, आणि तो बाहेर निघून गेला.